दुजोरा

केंद्राच्या अर्जावर रुग्णाच्या नावाखाली एक रकाना छापलेला होता : ‘पत्नीचे नाव व सही’. समुपदेशक बाईंनी ‘पत्नी’ या शब्दावर आडवी रेघ मारली, त्याच्या डोक्यावर ‘बहीण’ असं लिहिलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. मी सही केली. बायकांसाठी वेगळा अर्ज नाही का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “बायका येतात. सही करणारं कोणी त्यांच्यासोबत येत नाही. त्यामुळे छापायची वेळच आली नाही.”

ही आषाढातली गोष्ट. केंद्र अमरावतीतलं. रुग्ण म्हणजे माझी ताई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. व्यसन खोकल्याच्या औषधाचं.

हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. ताई अकोल्यात जिनिंगमध्ये कामाला होती. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की उन्हाळ्यापर्यंत तिथलं काम चालतं. यंत्रांपुढे कापूस ओढायचा, त्यातला कचरा वेचायचा, टोपल्या भरून द्यायच्या. हवेत दिवसभर रुईचे तंतू उडत असतात. नाकातोंडाला पदर बांधला तरी ते आत जातात. हंगाम संपेपर्यंत तिथल्या बहुतेक बायका खोकत असतात. पहिल्या वर्षी डॉक्टरने ताईला औषध लिहून दिलं. दुसऱ्या वर्षी शेजारी काम करणाऱ्या बाईने आपल्या बाटलीतलं बूचभर दिलं. त्याने खोकला थांबतो, अंग हलकं होतं, दिवसभर उभं राहता येतं. तिसऱ्या वर्षी तिला रोज एक बाटली लागत होती, पुढे दोन. चिठ्ठी न मागणारं दुकान शोधलं की सापडतं.

तिला नवऱ्याने सोडलं तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. कागदोपत्री काहीच झालं नाही. त्यामुळे ताई सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती, आणि घरातल्या कार्यात तिला कुठे बसवायचं हे कोणाला ठरवता येत नसे. ती स्वयंपाकघरात बसायची. मुलगी दहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला आई फरशीवर पडलेली दिसली, हलवली तरी उठेना. तिने शेजारच्यांना बोलावलं, शेजारच्यांनी दादाला फोन केला. दादा म्हणजे आमचा मोठा भाऊ. तो मूर्तिजापूरला राहतो, शेती करतो. तो आला, मुलीचं दप्तर भरलं आणि तिला घेऊन निघाला. जाताना ताईला म्हणाला, “कोजागरीपर्यंत मुदत देतो तुले. नीट राह्यली, खोली केली, काम धरलं, तं पोट्टी तुही. नाई तं मी समजन का हे माहीच पोट्टी हाय.”

मी तिथे होते. ताई भिंतीकडे पाहत होती. तिने विचारलं, “कोजागरीच काहून?”

“भुलाबाई बसवते ना थे. मधात खेळ नको मोडू तिचा.”

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे मुली मातीची भुलाबाई बसवतात. महिनाभर रोज संध्याकाळी एकमेकींच्या घरी गाणी होतात, आणि कोजागरीला भुलाबाई उठते. म्हणजे ताईच्या हातात साडेचार महिने होते. त्यातला दीड महिना केंद्रात गेला.

मी अकोल्यातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि केंद्रातली कुटुंबाची बैठकही गुरुवारीच असते. तेव्हा बहिणीकडे तूच जा, असं दादाचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं.

अकोल्याहून साडेसातची बस तासाभराने मूर्तिजापूरला पोचते आणि स्टँडवर दहा मिनिटं थांबते. दादा मुलीला घेऊन तिथे आलेला असे. ती खिडकीतून डबा वर द्यायची आणि मागच्या गुरुवारचा रिकामा डबा घ्यायची. प्रश्न दर वेळी तोच.

“मावशी, आई बरी झाली का?”

“होऊन राहिली.”

“कोणं सांगतलं?”

“मॅडमनं.”

“बरं.”

कोणी सांगितलं हे विचारायची सवय तिला माझ्यामुळे लागली होती. ती लहान असताना शाळेतल्या गमती सांगायला लागली की मी विचारायचे : कोणी सांगितलं? तू पाहिलं? स्वतः पाहिलं असेल तर पुढचं काही विचारायचे नाही. ऐकलेलं असेल तर दुसरं कोण सांगतं ते विचारायचे. आमच्या डेस्कवर हाच नियम आहे. एकाने सांगितलं तर ती माहिती असते, दुसऱ्याने दुजोरा दिला की छापता येते. सतरा वर्षं मी याच नियमाने काम करत आले आहे.

केंद्रात पुरुषांसाठी मोठा हॉल होता. बायकांसाठी मागे चार खाटांची एक खोली होती, तिथे आधी गाद्या ठेवत. बैठकीला खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायचे. एका रांगेत रुग्ण, दुसऱ्या रांगेत त्यांचं माणूस. पुरुषांच्या समोर बायका, आया, एखादी लग्न झालेली मुलगी. डबे, पिशव्या, धुतलेले कपडे. समुपदेशक बाईंनी एकीला विचारलं, “यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते यांनाच सांगा.” ती म्हणाली, “मले काय वाटन, मॅडम? मले वाटते यानं अजून महिनाभर अठीच राहावं. घरी लय बरं वाटून राहिलं.” सगळे हसले. तिचा नवराही हसला. मग तिने पिशवीतून त्याच्यासाठी आणलेली चटणी काढली.

रुग्ण बायका चार होत्या. तिघींच्या समोरच्या खुर्च्या रिकाम्या असत. त्यातली एक बडनेऱ्याच्या बाजूला भंगार वेचणारी होती, गावठी दारू पिऊन रस्त्यावर पडलेली कोणीतरी आणून सोडलेली. तिसऱ्या गुरुवारी तिची पाळी आली तेव्हा ताई माझ्यासमोरून उठली आणि तिच्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

“हिची मी मोठी बहीण हावो. लिहा.”

“सख्खी?” समुपदेशक बाई हसून म्हणाल्या.

“सख्खी अठी कोणाची आली हाय, मॅडम? एक आली, थे माही.”

त्या दिवसापासून ती भंगारवाली ताईला ‘मोठी’ म्हणू लागली.

सोडायच्या दिवशी समुपदेशक बाईंनी मला वेगळं बसवून सांगितलं, “त्यांच्यावर पाळत ठेवू नका. काय विचारायचं ते त्यांना विचारा, दुसऱ्याला विचारू नका. आठवड्यातून दोनदा तरी त्यांच्यासोबत जेवा. दोघीही गुरुवारी इथे येत राहा.” मी हे शब्दशः उतरवून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

ताई माझ्या घरी का राहिली नाही, हे सांगायला हवं. माझ्या घराला दोन खोल्या आहेत. सासूबाई आहेत, मुलाचं दहावीचं वर्ष होतं, नवऱ्याला आवडलं नसतं. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. जागा करायचीच असती तर करता आली असती, हेही खरं आहे.

माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर, एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घराच्या मागे तिला एक खोली मिळाली. घरमालकीणबाईंना तिने सांगितलं की मुलीच्या शाळेसाठी गावाहून आले, मुलगी कोजागरीनंतर येईल. बाई मायाळू होत्या. गल्लीतच डाळमिलची मुकादमीण राहायची. तिला सांगून त्यांनीच ताईला डाळ निवडायच्या कामावर लावलं. म्हणजे खोली आणि काम, दादाने घातलेल्या दोन्ही अटी, एकाच बाईंच्या शब्दावर उभ्या होत्या. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ताईने खोलीला चुना लावला. दाराच्या मागे दप्तरासाठी खिळा ठोकला. भिंतीतल्या कोनाड्यात तिने काही ठेवलं नाही. विचारलं तर म्हणाली, “पुढच्या साली भुलाबाई अठी बसन.”

मी रोज पाच वाजता, पानांचं काम सुरू व्हायच्या आधी, तिला फोन करायचे. कशी आहे, काय खाल्लं, कामावर गेली होती का. ती सांगायची. मग मी पडताळून पाहायचे. सुरुवातीला छोट्या गोष्टी. कामावर गेले होते, असं ती म्हणाली की मी दुसऱ्या दिवशी डाळमिलमध्ये फोन करून तिला काहीतरी निरोप द्यायला सांगायचे. घरमालकीण काकूंसोबत जेवले, असं म्हणाली की दोन दिवसांनी काकूंना सहज विचारायचे, परवा काय केलं होतं जेवायला. मी यात काही गैर करते आहे असं मला वाटत नव्हतं. ती सांगत होती ते सगळं खरं निघत होतं, आणि तेवढ्याने मला झोप लागत होती.

एकदा जेवताना ती म्हणाली, “मिलमधी कोणाचा तरी फोन आलता. बहीण बोलून राहिली म्हणे.”

मी ताटातली भाकरी मोडत राहिले.

“मले तं एकच बहीण हाय बापा. दुसरी कुठून पैदा झाली?” ती हसत होती. “इचार, इचार. पण मी खोटी निघाली नाई अजून, हे बी लिहून ठेवजो तुह्या वहीत.”

अशी वही खरंच होती. तिने कधी पाहिली नव्हती, पण माझ्या सवयी तिला ठाऊक होत्या.

आश्विन लागला तेव्हा एका संध्याकाळी तिचा आवाज जड आला. शब्द घसरत होते. एक वाक्य तिने दोनदा सांगितलं. हा आवाज मी उन्हाळ्यात ऐकलेला होता.

“ताप हाय,” ती म्हणाली. “खोकला बी हाय. सरकारी दवाखान्यात गेलती. गोळ्या देल्ल्या. म्या सांगतलं त्याइले, बाटली नका देऊ.”

“औषध घेतलं नाही?”

“नाई व. सांगून राहिली ना.”

मी कार्यालयातून निघाले. गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे. तिथे थांबून मी त्या औषधाचं नाव घेतलं आणि विचारलं, मागच्या खोलीत राहणारी बाई हे घेऊन गेली का.

दुकानदार आठवून म्हणाला, “थे डाळमिलवाली? नाई, आपल्या इथून नाई नेलं. काहून? पेते का थे?”

“नाही. सहज विचारलं.”

घरमालकीणबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. ताईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या म्हणाल्या, “झोपली हाय. उठवू नको तिले.” मी त्यांच्याजवळ बसले आणि हळू आवाजात विचारलं, “काकू, तिच्या खोलीत बाटल्या दिसल्या का तुम्हाला?”

“कायच्या बाटल्या?”

इथे थांबता आलं असतं. पण प्रश्न नीट कळला नसेल तर उत्तर उपयोगाचं नसतं, म्हणून मी समजावून सांगितलं. कोणतं औषध, ते घेतल्यावर माणूस कसा दिसतो, उन्हाळ्यात काय झालं होतं, अमरावतीला किती दिवस होती. काकूंनी तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. मग त्यांनी मला नेमकं उत्तर दिलं. बाटली कधी दिसली नाही. सकाळी त्यांनीच तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. काढा त्यांनीच दिला होता. दवाखान्याचा कागद त्यांनी घरातून आणून दाखवला. त्यावर तापाच्या गोळ्या होत्या आणि दोन तपासण्या लिहिल्या होत्या. खोकल्याचं औषध नव्हतं.

दोन माणसं आणि एक कागद. ताई खरं बोलत होती.

काकू म्हणाल्या, “म्हणजे थे तशी बाई होय का व?”

“आता नाही, काकू. तेच तर मी पाहायला आले होते.”

मी आत गेले. ताई गोधडी घेऊन झोपली होती. कपाळ गरम होतं. तिला न उठवता मी परतले आणि ऑटोच्या थांब्यावरून दादाला फोन केला. मला आनंद झाला होता, तो कोणाला तरी सांगायचा होता.

“दादा, म्या पक्की चौकशी केली. ताई काई घेत नाई. तीन ठिकाणी इचारलं.”

दादा म्हणाला, “चौकशी करायची पाळी काहून आली?”

“फोनवर आवाज जड वाटला म्हणून.”

“मंग काईतरी असनच.”

“नाई ना दादा. तेच सांगून राहिली, नाई निघालं.”

“बरं,” तो म्हणाला. डेस्कवर आम्हाला हे ठाऊक असतं की खुलासा छापला की ज्यांना मूळ आरोप माहीत नव्हता त्यांनाही तो कळतो. फोन ठेवेपर्यंत मला हे आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंनी ताईला खोली सोडायला सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, “माह्या घरी सुना येतात, नाती येतात. तू वाईट नाई, बाई. पण मी म्हातारी, मले हे झेपत नाई.” मुकादमिणीने आणखी दोन दिवसांनी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. निवडलेल्या डाळीत काही पडलं तर नाव तिचं खराब होईल, असं तिचं म्हणणं होतं. तिला काकूंनी सांगितलं की मेडिकलवाल्याने, हे मला कळलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

ताई एक पिशवी आणि एक गाठोडं घेऊन माझ्या दारात आली. ताप उतरला होता. चहा घेऊन झाल्यावर तिने विचारलं, “तू काकूले काय इचारलं?”

मी जसंच्या तसं सांगितलं.

“मले काहून नाई इचारलं?”

“इचारलं होतं ना. फोनवर.”

“म्या सांगतलं होतं ना?”

“हो.”

“खरं होतं ना थे?”

“हो.”

“मंग?”

ती कप उचलून मोरीकडे गेली.

ती माझ्याकडे अकरा दिवस राहिली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी घरातली सगळी औषधं, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसकट, कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. सकाळ-संध्याकाळ गोळीसाठी त्यांना कपाट उघडावं लागे. ताई एकदा म्हणाली, “आई, किल्ली सांभाळा, मोरीत पडन.” सासूबाईंना वाटलं ती काळजीने म्हणाली. कदाचित तसंच असेल.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही दोघी केंद्रात गेलो. समुपदेशक बाईंनी काय झालं ते मला सांगायला लावलं. मी क्रमाने सांगितलं. भंगारवाली अजून तिथेच होती. ती म्हणाली, “हे बाई रेडिओवानी बोलते.” कोणी हसलं नाही. समुपदेशक बाईंनी मला विचारलं, “माफी मागितली का तुम्ही?”

“चूक कुठे झाली ते मी तिला सांगितलं.”

“ते वेगळं आहे,” त्या म्हणाल्या.

ताई मधे पडली. “राहू द्या, मॅडम. तिले तसं येत नाई. लहानपणापासून नाई येत.” आणि विषय बदलून तिने भंगारवालीला विचारलं, हात थरथरायचे थांबले का.

समोरासमोर बसून होतो.

कोजागरीच्या दुपारी आम्ही मूर्तिजापूरला गेलो. ताईने माझ्या स्वयंपाकघरात सकाळी उठून साळीच्या लाह्यांचे गुळाचे लाडू केले होते. भुलाबाईची गाणी झाली की बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखायला लावतात. लाह्यांच्या लाडवाचा आवाज येत नाही, कोणाला ओळखता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. बसमध्ये तिने दोनदा डबा हलवून पाहिला.

दादाच्या घरी ओसरीत मुलीचं दप्तर भरून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी कपड्यांची पिशवी. तिने ते आदल्या दिवशीच भरलं होतं, असं वहिनी म्हणाली.

दिवस मावळायच्या आधी मुली आल्या. गाणी झाली. भाचीने डबा हलवला. चिवडा, पेढे, फुटाणे, खोबरं. एकीने साखर म्हटलं तेव्हा ती खुशीत ओरडली, “हरल्या, हरल्या!” तिने झाकण उघडलं आणि प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवू लागली. पहिल्या तिघींनी घेतले. चौथीने हात मागे नेला.

“घे ना व.”

“माह्या आईनं सांगतलं, खाऊ नको म्हणून.”

“काहून?”

त्या मुलीने ताईकडे पाहिलं. पाचवीनेही घेतला नाही. ज्यांनी घेतले होते त्यांच्यापैकी एकीने आपला लाडू भुलाबाईच्या पाटावर ठेवला. भाची डबा धरून उभी होती. मग तिने एक लाडू तोंडात कोंबला, लगेच दुसरा, गाल फुगेपर्यंत, सगळ्यांकडे बघत. ताई म्हणाली, “सावकाश खा व. ठसका लागन.”

मूर्तिजापूरपर्यंत हे कसं पोचलं, ते शोधायची गरज नव्हती. दादाला मी सांगितलं होतं, दादाने वहिनीला, आणि वहिनी काही घराबाहेर पडत नाही असं नाही.

मुली गेल्यावर दादा ओसरीत बसला.

“दादा, मी घेतलं नाई,” ताई म्हणाली.

“मले माहीत हाय. हिनं सांगतलं.” त्याने माझ्याकडे बोट केलं.

“मंग नेऊ ना पोट्टीले?”

“कुठी नेशीन?”

ताईने दप्तराकडे पाहिलं.

“खोली कुठी हाय? काम कुठी हाय? म्या काय सांगतलं होतं?” तो चिडलेला नव्हता. “हिच्या सासूच्या घरी, कपाटाले कुलूप लावते थे, तिथी नेशीन पोट्टीले?”

कुलपाचं त्याला मीच सांगितलं होतं, फोनवर, हसत.

“खोली करन मी. पंधरा दिवस दे.”

“अकोल्यात आता कोण देते तुले?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझी दोन खोल्यांची जागा तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होती. मी म्हणाले की पाहू, काहीतरी करू. बातमीत असं वाक्य आलं तर मी ते कापते.

वहिनीने दप्तर उचललं आणि आत नेलं. भाची पिशवीशेजारी बसून होती. थोड्या वेळाने तीच उठली आणि पिशवी आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्यासोबत अकोल्याला आली, दोन दिवस राहिली आणि एका सकाळी धामणगावला निघून गेली. तिथे जिनिंगचा हंगाम सुरू होत होता आणि बायकांना राहायला शेडमध्ये जागा देत होते. मी तिला थांब म्हणाले. ती म्हणाली, “कुठी थांबू, सांग.”

दिवाळीनंतर एकदा बरोबर पाच वाजता तिचा फोन आला. पाच ही माझी वेळ होती, तिची नव्हे.

“आज घेतली,” ती म्हणाली. “दोन बाटल्या. लिहून ठेव.”

मी पेन हातात घेतलं.

“कोणाले इचारू नको आता. मीच सांगून राहिली.”

त्यानंतर तिचा फोन बंद आहे. ती दोन बाटल्यांची नोंद मी केली नाही. दुजोराही घेतला नाही.

मी एकदा धामणगावला जाऊन आले. फाटकावरच्या माणसाने नातं विचारलं. मी सांगितलं. तो आत गेला, दहा मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, “अशी कोणी बाई नाई अठी.”

“कोणी सांगितलं?”

“थे बाईच म्हणून राहिली.”

गुरुवारी मी अजून अमरावतीला जाते. रुग्ण नसला तरी नातेवाइकाने येत राहावं, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं आहे. भंगारवालीला सोडलं आहे, पण ती गुरुवारी येते. मी तिच्यासमोर बसते. ती विचारते, “मोठी कधी येईन?” आणि मी माहीत नाही म्हणते. मग ती डबा खाते.

डबा मूर्तिजापूरचा. भाचीला घरात असं सांगितलं आहे की आई परत अमरावतीला आहे, औषधोपचार चालू आहेत. दादाने ते ठरवलं, मी विरोध केला नाही. आता दादा स्टँडवर येत नाही, ती एकटी येते. मागच्या गुरुवारचा रिकामा, घासलेला डबा घेते, नवा वर देते. या वेळी तिने तो लगेच सोडला नाही.

“मावशी, मागच्या बारीचं खाल्लं का आईनं? म्या केल्ते धपाटे.”

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

“कोणं सांगतलं?”

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलायला लागली होती.

“म्या सोता पाहिलं,” मी म्हणाले.

तिने डबा सोडला. “बरं,” ती म्हणाली.